चढताना घोडी उभीच राहत नाही. मामांचं ऐकू की ताईंचं?

गोरेगावकरीण
वय 41. उपनगरातल्या एका तबेल्यात दर रविवारी घोडेस्वारी शिकतेय. (हसू नका. लेकीला सोडायला गेले आणि मीच अडकले.) घोडी काठेवाडी, नाव बिजली, कानांची टोकं एकमेकांना टेकणारी. तबेल्यातले जुने मामा तिला लगामावर शिकवतात: हलली की एक पाऊल मागे, थांबली की लगाम लगेच सैल. नव्या ताई गाजरावर शिकवतात: उभी राहिली की जिभेने 'टक्', मग गाजर. मामा म्हणतात, लाडावेल, चावायला लागेल. ताई म्हणतात, ही जबरदस्ती झाली. आणि पंधरा दिवसांपासून बिजली चढायच्या ठोकळ्यापाशी थांबतच नाही. माझा एक पाय रिकिबीत, दुसरा हवेत!

दादरचा खडूस
मामांचं ऐका. गाजर हलव्याला ठेवा.

पागेतला
खडूसराव, इतकं सोपं नाही. आमच्या चाळीखाली एक चाचा व्हिक्टोरिया, म्हणजे मुंबईतली घोडागाडी, ठेवायचे. 2015 मध्ये हायकोर्टाने या गाड्या बंद करायचा निकाल दिला, त्यानंतर त्यांचं काम सुटलं. चाबूक सतत हातात, पण घोड्याला लागलेला मी पाहिला नाही. आणि गूळ मात्र रोज, धाव संपल्यावर. आता ही मामांची पद्धत की ताईंची, तुम्हीच सांगा.

लगाम सैल सोडणं हेही घोड्यासाठी बक्षीसच. फक्त ते त्याच क्षणी मिळायला हवं. उशिरा सोडलात आणि त्याने मधेच मान झटकली, तर तो मान झटकायलाच शिकतो. गाजराचंही तसंच. खिसा हुंगल्यावर दिलंत तर खिसा हुंगायला शिकते, तिथे मामांचं म्हणणं खरं.

पण मला वेगळीच शंका आहे. मामा तिला चालवायला काय आवाज काढतात?

डॉ. खूर
भांडणाआधी दात आणि पाठ तपासून घ्या. खोगीर टोचत असेल तर चढू देणारच नाही. पंधरा दिवसांत खोगीर बदललंय का?

गोरेगावकरीण
डॉक्टर, खोगीर तेच. पाठ दाबून पाहिली, काही नाही. दात पुढच्या आठवड्यात.

पागेतला, अहो... मामासुद्धा जिभेने 'टक्'च करतात! "चल" म्हणून!!

पागेतला
मग बिचारी बरोबरच वागतेय. ताई 'शाब्बास' म्हणतात, तिला 'चल' ऐकू येतं.

दादरचा खडूस
म्हणजे मामाच बरोबर.

पागेतला
नाही हो. आवाज बदलला की ताईंचंही चालेल.

गोरेगावकरीण
आज करून पाहिलं. ताईंनी आधी मान्यच केलं नाही, मग मामांना दोनदा 'टक्' करायला लावलं आणि कपाळावर हात मारला. आता ताई बॉलपेनचं बटण दाबतात. पहिले दोन रविवार नुसतं पेन आणि गाजर, चढायचं नाही, असा हुकूम आहे. मामा लगाम धरून शेजारी उभे होते, "पेनाने घोडी शिकवतात" असं पुटपुटत. बिजली सात आकडे मोजेपर्यंत उभी राहिली. आठव्याला मामांच्या खिशाकडे वळली. विचारलं तर म्हणाले, "गूळ आहे. माझ्यासाठी."