दिवाळीतला राजगड : नकाशा किती पाळावा?

प्रश्न : यंदा आमच्या इमारतीतील मुलांनी अंगणात राजगड करायचे ठरवले असून मोबाइलवरील उपग्रह-नकाशा पाहून तिन्ही माच्यांची आखणीही त्यांनी केली आहे. मात्र सगळे प्रमाणात बसवले, तर बालेकिल्ला फारच ठेंगणा दिसतो. उंची वाढवणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद १ : अवश्य वाढवा. आडव्या मापांपेक्षा उंचीला दीडपट-दुप्पट प्रमाण घेणे ही उठावाच्या नकाशांतही रूढ पद्धत आहे. दिशा मात्र बदलू नयेत. सुवेळा माची पूर्वेकडे आणि संजीवनी पश्चिमेकडेच हवी.

प्रतिसाद २ : संजीवनी माचीची दुहेरी, चिलखती तटबंदी हे या गडाचे खरे वैभव आहे, त्यामुळे तेथे घाई करू नका. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या बोटभर अंतर ठेवून समांतर रोवा आणि दोन्ही बाजूंनी पातळ मातीने लिंपा. विटांच्या रचाईवर चिखलात बुडवलेले गोणपाट पसरले, की कडे आपोआप उठून दिसतात. त्यावर हळीव चार-पाच दिवस आधी पेरावेत. युनेस्कोने 2025 मध्ये जागतिक वारसा म्हणून गौरवलेल्या बारा किल्ल्यांत राजगडही आहे, हे मुलांना जरूर सांगा.

प्रतिसाद ३ : एक कळकळीची विनंती. निवडणुका जवळ आल्या, की किल्ल्यांमागे इच्छुक उमेदवारांचे फलक लागतात. वर्गणी कोणीही देवो, त्या जागी मुलांनी स्वतः लिहिलेली गडाची माहितीच असावी.