वाचनालयाला कुलूप लागू नये म्हणून : गोव्यातले अनुभव

गोव्यात सार्वजनिक ग्रंथालय १८३२ मध्ये सुरू झाले. पणजीत पाटोवर आज उभे असलेले कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय त्याचाच वारसा सांगते. गावातल्या वाचनालयाला मात्र असे कवच नसते. तिथे आधी वेळ घटते, मग वर्तमानपत्रे कमी होतात आणि शेवटी ‘वाचक येत नाहीत’ असा शेरा कागदावर चढतो. हा शेरा पडण्याआधी नेमके काय करावे, ते ज्यांनी हे काम हाताळले आहे त्यांनी लिहावे, आठवणी नकोत, कृती हवी, असे आम्ही सुचवले. आलेली उत्तरे ठिकाणांच्या नावाखाली पुढे दिली आहेत.

डिचोली

‘वाचक येत नाहीत’ हे बहुधा देवघेवीच्या वहीवरून ठरवतात. पेपर वाचायला येणारे ज्येष्ठ आणि परीक्षेचा अभ्यास करणारी मुले त्या वहीत दिसतच नाहीत. म्हणून दाराशी पान-क्रमांक घातलेली बांधीव वही ठेवावी. तीत तारीख, आल्याची वेळ आणि काम (पेपर, अभ्यास, देवघेव) एवढेच रकाने असावेत. जास्त रकाने केले की लोक लिहीत नाहीत. सुटे कागद हरवतात, आणि तपासणीत त्यांना किंमतही नसते. महिनाअखेर बेरीज करून ग्रंथपालाने सही करावी. आकडे नेहमी बारा महिन्यांचे द्यावेत, कारण चतुर्थीच्या महिन्यात वर्दळ घटते आणि कोणी तोच एक महिना उचलून दाखवतो.

दोन वर्षे पुस्तक न नेलेले सभासद वेगळ्या यादीत टाकावेत. नुसती फुगलेली सभासदसंख्या उलट अंगावर येते, ‘पाचशे सभासद आणि महिन्याला साठ पुस्तके?’ असा प्रश्न निघतो. वेळही तपासावी. सकाळी दहा ते एक उघडे ठेवले तर नोकरदार आणि शाळेतली मुले दोन्ही सुटतात. संध्याकाळी चार ते साडेसात ही पाळी ठेवली की वही लवकर भरते.

फोंडा

संस्थेने चालवलेली वाचनालये पुस्तकांअभावी क्वचितच बंद पडतात. त्यांना कागद बंद पाडतो. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याच्या कलम ४ प्रमाणे वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत कार्यकारिणीची यादी निबंधकाकडे जावी लागते. ती तीन-चार वर्षे गेली नाही की अनुदानाचा अर्ज अडतो. मिळालेल्या रकमेचा विनियोग दाखला (ती ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा कागद) दिला नाही तर पुढचा हप्ता थांबतो.

बँकेतल्या सह्यांकडे कोणी पाहत नाही. दोन सह्या लागतात, एक पदाधिकारी वारलेला आणि दुसरा परदेशी गेलेला, म्हणजे खाते जागच्या जागी. निवडणूक झाली त्याच आठवड्यात ठरावाची प्रत बँकेत द्यावी.

जागा देवस्थानची असेल तर तोंडी परवानगीवर राहू नये. महाजनांच्या (देवस्थानच्या परंपरागत सभासदांच्या) सभेचा ठराव इतिवृत्तात नोंदवून त्याची प्रत घ्यावी. आपल्याकडे देवस्थाने १९३३ च्या माझानी नियमांखाली (पोर्तुगीज काळातल्या देवस्थान कायद्याखाली) येतात आणि मामलेदार त्यांचा प्रशासक असतो, तेव्हा एक प्रत त्यांच्या कार्यालयातही असू द्यावी. समिती बदलली की तोंडी शब्द उरत नाही. विजेचे बिल आणि घरपट्टी कोण भरणार हेही त्याच ठरावात यावे.

काणकोण

‘दुरुस्तीसाठी बंद’ ही पाटी सर्वांत धोक्याची. तिच्यावर उघडण्याची तारीख आणि पर्यायी जागा असलीच पाहिजे. निदान पेपर आणि मुलांची पुस्तके समाजगृहात चालू ठेवावीत. देवघेव एक दिवसही तुटू देऊ नये.

दुरुस्तीची वेळच येऊ नये यासाठी मे महिन्यात कौले परतून घ्यावीत. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून वर ठेवावे. भिंतीला टेकले की ओल पुठ्ठ्यात उतरते आणि वाळवीच्या मातीच्या नळ्या मागून चढलेल्या कळत नाहीत. काचेची कपाटे पावसाळाभर घट्ट बंद ठेवणे ही मोठी चूक. आतली दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. उघडीप मिळाली की दारे उघडून पंखा लावावा. डांबरगोळ्यांनी बुरशी मरत नाही.

पुस्तक भिजलेच तर ४८ तासांच्या आत हात लावावा, नंतर बुरशी येते. गुळगुळीत कागदाची पुस्तके पहिली घ्यावीत, कारण ती वाळताना पाने चिकटतात आणि मग सुटत नाहीत. पानांमध्ये कोरा कागद घालून पुस्तक उभे उघडावे, पंख्याखाली ठेवावे आणि कागद बदलत राहावे. कडक उन्हात टाकल्यास पुठ्ठे वाकतात. स्थलांतर करताना एका खोक्यात तीस-पस्तीस पुस्तकेच भरावीत आणि खोक्यावर कपाट व फळीचा क्रमांक लिहावा. हे चुकले तर पुस्तके परत लावायला महिने लागतात आणि तेवढे दिवस दार बंद राहते.

पेडणे

बंद होणार अशी कुणकुण लागताच माहिती अधिकाराचा अर्ज द्यावा. मराठीत चालतो, शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘का बंद करता?’ असे विचारू नये. या कायद्याने कागद मिळतो, खुलासा नव्हे. आदेशाची प्रत, त्यावरील टिपणी, मंजूर आणि रिक्त पदे, मागच्या तीन वर्षांची तरतूद आणि खर्च इतकेच मागावे. उत्तर आले नाही तर ती मुदत संपल्यापासून ३० दिवसांत पहिले अपील करावे.

ग्रामसभेत आयत्या वेळी बोललेले इतिवृत्तात येईलच असे नाही. विषय आधी सचिवाकडे लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. ठरावाचा मसुदा आपणच लिहून न्यावा : कोणते वाचनालय, कोणती वेळ, कोणते पद, कोणत्या तारखेपर्यंत. ‘वाचनालय वाचवावे’ एवढ्या ठरावावर कोणालाच काही करावे लागत नाही.

मडगाव

पुस्तके कपाटात कुलूपबंद राहतात, कारण हरवलेले पुस्तक पगारातून जाईल ही ग्रंथपालाची भीती. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतला नियम २१५ समितीला दाखवावा. वर्षभरात दिलेल्या वा वाचलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाचांची हानी त्यात स्वाभाविक मानली आहे, फक्त हयगय किंवा अप्रामाणिकपणा नसावा. हजार रुपयांहून महागाच्या आणि दुर्मीळ पुस्तकांची मात्र चौकशी करावीच लागते. वीस हजारांपर्यंत संग्रह असेल तर मोजणी दरवर्षी पूर्ण करावी. खासगी संस्थेला हा नियम बंधनकारक नाही, पण याच धर्तीचा ठराव आपल्या सभेत करून घेता येतो. तो झाला की कपाटे उघडतात, आणि डिचोलीकरांनी सांगितलेली वहीही भरू लागते.