रेल्वेप्रेमींचे गट आणि शेजारपाजार : तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती
गाड्यांच्या वेडापायी ऑनलाइन गट चालवणारे इथे बरेच जण दिसतात, म्हणून हा धागा. आयआरएफसीए ही भारतीय रेल्वेप्रेमींची संघटना १९८९ साली अमेरिकेत शिकणाऱ्या काही भारतीय विद्यार्थ्यांनी ईमेलवर सुरू केली. नंतर गावोगावचे, मार्गामार्गाचे गट निघाले, आणि गट वाढले की शेजारी आलेच. दुसऱ्या गटाशी किंवा साइटशी तुम्ही हात मिळवला असेल तर पदरात काय पडलं, डोक्याला ताप कशाचा झाला, ते लिहा. गटांची नावं नकोत, उणीदुणी काढायची नाहीयेत.

कल्याण लोकल
एप्रिल २०१६, हार्बरवरची शेवटची डीसी (एकदिश विजेवरची) लोकल. १९२५ साली देशातली पहिली विजेची गाडी व्हीटी ते कुर्ला याच मार्गावर धावली होती, तेव्हापासूनचा १५०० व्होल्टचा कारभार त्या रात्री आटोपणार होता. आमच्याकडे कॅमेरेवाले भरपूर, पण मोटरमनच्या भाषेत दोन वाक्यं समजावून सांगेल असा एकही नाही. दुसऱ्या एका गटात निवृत्त रेल्वेवाले होते. त्यांनी मजकूर लिहिला, आम्ही चित्रण केलं, दोघांनी एकाच वेळी टाकलं. कोपऱ्यात दोन्ही गटांची नावं. आधी वाद झाला तो नाव वर कुणाचं आणि खाली कुणाचं यावर! शेवटी शेजारी शेजारी टाकली. आठवड्याभरात तिसऱ्याच पेजने दोन्ही नावं कापून व्हिडिओ आपला म्हणून खपवला. तक्रार दोन्हीकडून गेली म्हणून निदान तो उतरला तरी. एकट्याने केलेल्या तक्रारींचं काय होतं ते सगळ्यांना माहीतच आहे.

अडीच फुटी
आमचा गट बार्शी लाइटच्या आठवणींचा. कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ ला बार्शी रोड, म्हणजे आताचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी ही नॅरोगेज, म्हणजे अडीच फूट रुंदीची लाइन, काढली. पुढं १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. रूळ हलके, म्हणून एका आसावर पाच टनांच्या वर भार येऊ द्यायचा नाही, असा त्याचा हिशोब. (हाच गडी पुढं विमानातून उडी मारायच्या पॅराशूटच्या नादाला लागला.) आमच्याकडचा माल सगळा घरगुती. कुणाच्या आजोबांचा ड्युटीवरचा फोटो, आषाढीला मालडब्यात दाटीवाटीनं बसून पंढरपूर गाठलेल्यांच्या गोष्टी.

तर इंग्लंडातल्या नॅरोगेजवाल्यांचा निरोप आला. त्यांच्या स्टॅफर्डशरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची लाइन होती, १९०४ ला सुरू झाली आणि १९३४ ला बंद पडली. आता तिथं पायवाट आहे. तीसुद्धा कॅल्थ्रॉपचीच, रुंदी तीच, इंजिनांच्या कपाळाला आपल्याकडच्यासारखे मोठाले दिवे. त्यांच्या धुक्यात एवढा दिवा कशाला, ते तेच जाणोत. त्यांच्याजवळ मोजमापांसकट नकाशे, आमच्याजवळ माणसं. त्यांच्या एका जुन्या फोटोखाली ‘स्टेशन माहीत नाही’ असं लिहिलेलं. आमच्यातल्या एका काकांनी पाण्याची टाकी आणि मागचा डोंगर बघितला आणि म्हणाले, ही येडशी, दुसरं काही असूच शकत नाही. त्यांनी मान्य केलं आणि काकांचं नाव खाली घातलं. काकांनी ते पान छापून घेऊन गल्लीभर दाखवलं.

अडलं ते घरच्या फोटोंवर. त्यांना मोठ्या आकाराच्या प्रती कायमच्या जपून ठेवायला हव्या होत्या. मागणीत गैर काही नव्हतं, पण फोटो गटाचे नव्हतेच, आम्ही देणारे कोण? मग घरोघर विचारलं. कुणी हो म्हणालं, कुणी नाही. फोटोखाली घराण्याचं नाव, आणि घरच्यांनी म्हटलं की काढून टाकायचा, एवढं लेखी ठरल्यावरच पुढं सरकलो. दोन पत्रांचं काम होतं, वर्ष खाल्लं त्यानं.

मांडवीवाली
मी मडगावची. आमची मंडळी कोकण रेल्वेवरच्या क्रॉसिंगांची (कोणती गाडी दुसरीला वाट द्यायला कुठे थांबली याची) नोंद ठेवतात. मार्ग बहुतांश एकेरी, त्यामुळे कोण कुठे बाजूला उभा राहिला यावर पुढचा सगळा दिवस ठरतो. एका प्रवासाच्या साइटने आमच्या वेळा ‘सौजन्य’ लिहून वापरायला मागितल्या, आम्ही खुशीत दिल्या. जूनमध्ये पावसाळी वेळापत्रक लागलं, गाड्यांचा वेग उतरला, काहींच्या सुटण्याच्या वेळा अलीकडे आल्या. आम्ही आमचं पान बदललं, त्यांनी नाही. लोक स्टेशनवर पोहोचले तर गाडी गेलेली, आणि शिव्या सौजन्याला! आता कुणी वेळा मागितल्या तर फक्त दुवा देते. तक्ता उचलू देत नाही. बाई फार ताठ आहे म्हणतात, म्हणोत.

पायदान नको
एकच अनुभव. ज्या गटाशी आमची देवाणघेवाण होती तिथे दारात लोंबकळून काढलेली चित्रफीत ‘महिन्याची सर्वोत्तम’ ठरली. आम्ही बाहेर पडलो. सदस्य घटले. घटू देत.

म्युनिककर
आमच्या साइटचं नूतनीकरणाचं बिल ज्याच्या कार्डावर होतं त्याने नोकरी बदलली, कार्ड बदललं, साइट गायब. जोडीदार साइटने आमचे लेख उतरवून ठेवले होते म्हणून वाचलो. एरवी त्यांच्याशी आमचं पटत नाही. डेक्कन क्वीनला नवे एलएचबी डबे लागले २०२२ ला, तेव्हा रंगावरून आमची जी जुंपली, ती अजून मिटलेली नाही.

पुणे यार्ड
डेक्कनचा विषय निघालाच आहे तर सांगतो. १ जून १९३० ला गाडी सुरू झाली, म्हणून दर १ जूनला पुण्याला वाढदिवस असतो. एकदा दोन गटांनी एकत्र जायचं ठरवलं आणि दोन फलक नेले. फोटोत इंजिन दिसेना. मग फलक गुंडाळले आणि मंडळी पुन्हा उभी केली. तोवर गाडी सुटायची वेळ झाली होती.

धागाकर्ती
@अडीच फुटी, येडशीचा तो फोटो इथे बघायला मिळेल का?

अडीच फुटी
ताई, तो फोटो इंग्लंडवाल्यांचा आहे, त्यांना विचारतो. तोवर कुर्डुवाडीच्या वर्कशॉपचा एक आहे, ज्यांचा आहे ते शेजारीच राहतात. संध्याकाळी जाऊन येतो.