पवनाकाठचा मुक्काम आणि सौर वीज

सभासदहो, सप्रेम नमस्कार.

डिसेंबरात आम्ही पुण्यास येत असून पवना जलाशयाच्या काठी चार रात्री स्वतःचे तंबू लावून राहण्याचा विचार आहे. वडील झोपताना सीपॅप यंत्र (झोपेत श्वासमार्ग उघडा राहावा म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारे) लावतात. त्याखेरीज दिवे आणि फोन एवढीच गरज आहे. २०० वॅटचे घडीचे पॅनेल आणि १,००० वॅट-तासांचे पॉवर स्टेशन (उचलून नेता येणारी मोठी बॅटरी) इकडूनच घेऊन यावे का? पुण्यातील जाणकारांनी कृपया सांगावे.

•

नमस्कार.

पॅनेल खुशाल आणा, पण पॉवर स्टेशन आणू नका. सुटी लिथियम बॅटरी १०० वॅट-तासांहून मोठी असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते आणि १६० च्या पुढची प्रवाशाला नेताच येत नाही. तेव्हा ती पुण्यातच विकत किंवा भाड्याने घ्यावी. सीपॅपच्या अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले आहे ना, तेही पाहून ठेवा.

खरा हिशेब यंत्राचा आहे. आर्द्रता देणारा भाग आणि गरम होणारी नळी बंद ठेवून ते घरी एक रात्र वॅटमीटरवर चालवून पाहा. ४० वॅट धरले तरी आठ तासांचे ३२० वॅट-तास होतात. दिवे, फोन आणि इन्व्हर्टरमधली घट (बॅटरीची वीज घरच्यासारख्या एसी विजेत बदलताना वाया जाते ती) मिळून रात्रीला सुमारे ४५० धरावेत. प्रश्न वडिलांच्या श्वासाचा असल्यामुळे पॅनेलने काहीच दिले नाही तरी दोन रात्री निघतील एवढी बॅटरी हवी, असे माझे ठाम मत आहे, आणि आपण म्हणता ते १,००० वॅट-तास त्यासाठी जेमतेम पुरतात. यंत्रासाठी कंपनीची डीसी केबल, म्हणजे बॅटरीची वीज थेट यंत्राला देणारी, मिळाली तर इन्व्हर्टरची घट वाचते. ती अवश्य घ्या.

पॅनेलवरचे २०० वॅट प्रयोगशाळेतले असतात. उन्हात तापलेल्या पॅनेलकडून १४० धरा. चार तास चांगले ऊन मिळाले तर ५६० वॅट-तास, म्हणजे रात्रीचा खर्च भरून निघतो. मात्र एका कोपऱ्यावर झाडाची सावली आली तरी उत्पादन कोसळते, कारण आतले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात. तुंग, तिकोना, लोहगड असा चहूकडे डोंगरच असल्याने तंबूची जागा ठरवतानाच सकाळ-संध्याकाळची सावली कुठवर येते ते पाहा. डिसेंबरात दुपारी बाराच्या सुमारास सूर्य दक्षिणेला ४८ अंशांवर असतो, म्हणून पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून ४० अंशांच्या आसपास उभे करावे. आडवे पसरू नये. बॅटरी सावलीतच ठेवा.

•

मनःपूर्वक आभार. केबल आजच मागवतो. सलग दोन दिवस आभाळ आले तर काय करावे?

•

गाडीच्या १२ व्होल्ट सॉकेटवरून इंजिन चालू असताना तासाला सुमारे १०० वॅट-तास मिळतात. त्यावर निम्मी रात्रही निघणार नाही. त्यापेक्षा पवनानगरला जेवायला जाताना पॉवर स्टेशन सोबत न्या आणि हॉटेलच्या मालकांना विचारून, योग्य ते पैसे देऊन, तेथेच चार्जिंगला लावा.