सीव्हीतला स्किल्सचा रकाना: दहा शब्द की चोपन्न?

कंपाइलरकाका

गेल्या शनिवारी एका जागेसाठी अकरा सीव्ही वाचले. बॅकएंड, जावा, चार ते सहा वर्षं अनुभव, ऑफिस खराडीत. अकरापैकी नऊ जणांनी पहिल्याच पानावर स्किल्सची यादी दिली होती. सगळ्यात लांब यादी मी बसून मोजली, ५४ शब्द. जावा, पायथन, गो, सी++, मोंगोडीबी, कॅसान्ड्रा, काफ्का, रॅबिटएमक्यू, डॉकर, कुबरनेटिस, जेनकिन्स, जिरा... आणि शेवटी एमएस ऑफिस.

त्या ५४वाल्या मुलाला बोलावलं. म्हटलं काफ्का (सिस्टिमांमध्ये मेसेज पोचवणारं सॉफ्टवेअर) लिहिलंय तर तिथूनच सुरू करू. टॉपिकला, म्हणजे मेसेजच्या प्रवाहाला, तीन पार्टिशन आहेत आणि एकाच ग्रुपमध्ये चार कन्झ्युमर (मेसेज वाचणारे), तर चौथा काय करतो? (काहीच नाही, बसून राहतो. काफ्का वापरलेल्याला हे पहिल्या महिन्यात कळतं.) शांतता. मग म्हणाला, "सर, काफ्का प्रोजेक्टमध्ये होतं, पण ते दुसरी टीम बघायची."

खरं सांगायचं तर मुलगा अजिबात वाईट नव्हता. बोलता बोलता निघालं की त्यांचा महिनाअखेरचा एक रिपोर्ट चाळीस मिनिटं घ्यायचा. याने क्वेरीचा प्लॅन काढून पाहिला. तारखेच्या कॉलमवर फंक्शन लावल्यामुळे इंडेक्स वापरलाच जात नव्हता. अट फिरवून लिहिली, रिपोर्ट दोन मिनिटांवर आला. हे सांगताना त्याचा चेहरा बदलला. आणि सीव्हीत याचा मागमूस नाही! तिथे नुसतं 'एसक्यूएल' (डेटाबेसला क्वेरी विचारायची भाषा), चोपन्नातलं सतरावं.

माझं मत असं. स्किल्समध्ये जास्तीत जास्त दहा शब्द. प्रत्येक शब्द म्हणजे 'यावर मला विचारा' असं आमंत्रण आहे. ज्यावर पंधरा मिनिटं बोलता येणार नाही, तो शब्द खोडा. आणि ते तारे, ते टक्क्यांचे पट्टे कृपा करून बंद करा. 'जावा ८५ टक्के' म्हणजे काय? उरलेले पंधरा टक्के कुठले हे ठाऊक असेल तर शिकून का घेत नाही?

भरतीवाली

काका, संपूर्ण असहमत.

तुम्ही अकरा सीव्ही वाचलेत, कारण माझ्यासारख्या कोणीतरी सहाशेंतून ते अकरा तुमच्यापर्यंत आणले. ते कसे आणले, ते ऐका. मी नोकरीच्या पोर्टलवर शोध टाकते: 'जावा' आणि 'स्प्रिंग बूट' आणि 'काफ्का किंवा रॅबिटएमक्यू'. वर शहर, अनुभव, नोटीस पीरियड. जो शब्द सीव्हीत नाही, तो माणूस माझ्या स्क्रीनवर येतच नाही. तुमच्या त्या एसक्यूएलवाल्या मुलाने काफ्का गाळलं असतं तर तुमची-त्याची भेट झाली नसती, आणि चाळीस मिनिटांच्या रिपोर्टची गोष्ट तुम्ही ऐकली नसती.

आणि शोधात काफ्का मी हौसेने टाकलं का? जेडी (जॉब डिस्क्रिप्शन, कामाचं वर्णन) तुमच्याकडूनच येतं. मागच्या वर्षीच्या जेडीवर दोन ओळी वाढवून टीम लीड मला पाठवतो, त्यात अठरा शब्द 'मस्ट हॅव' असतात. तुम्ही अठरा मागायचे आणि उमेदवाराने दहा लिहायचे, हा कुठला न्याय?

एक गैरसमज मात्र खोडते. एटीएस (कंपन्यांचं अर्ज सांभाळायचं सॉफ्टवेअर) म्हणजे सीव्ही आपोआप कचऱ्यात टाकणारा राक्षस, असं पोरं समजतात. मी आजवर वापरलेल्या सिस्टिम बहुतेक वेळा सीव्ही फोडून रकान्यांत भरतात आणि शोधू देतात, एवढंच. नाकारणारी शेवटी मीच असते, किंवा फॉर्ममधला 'पुण्यात यायला तयार आहात का' याला दिलेलं 'नाही'. पण सीव्ही फोडताना गोंधळ होतो, हे खरं. दोन कॉलमचं देखणं टेम्प्लेट असेल तर कधी कधी डावी ओळ आणि उजवी ओळ जोडून वाचली जाते. एकदा 'स्प्रिंग बूट पोहणे ट्रेकिंग' असं स्किल आलं होतं. लोगोंची चित्रं लावलीत तर काहीच वाचलं जात नाही. आणि पांढऱ्या अक्षरांत लपवून शब्द भरणाऱ्यांनो, तुमची ती पांढरी अक्षरं आमच्याकडे काळी दिसतात.

गवतीचहा

५४ शब्दांत जिरा होतं, म्हणजे फोडणीची सोय झाली. मोहरी कुठल्या टीमकडे होती?

नोटीस_नव्वद

काका, तुमचं ऐकून प्रामाणिक सीव्ही लिहिलेला माणूस अजून बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, आहे. मी आहे तो.

गंमत सांगतो. आधीच्या कंपनीत (नाव नको) क्लायंटकडे प्रोफाइल पाठवायच्या आधी सेल्सवाले सीव्ही 'नीट' करायचे. मला टेराफॉर्म (क्लाउडवरचे सर्व्हर कोड लिहून उभारायचं टूल) येतं हे मला क्लायंट कॉलवर कळलं. समोरचा विचारतोय, स्टेट फाइल कुठे ठेवता? मी म्हणालो, टीमच्या पॉलिसीप्रमाणे. पास झालो. मग दोन रात्री जागून टेराफॉर्म शिकलो आणि पुढे वर्षभर तेच केलं. आता सांगा, ते स्किल खोटं होतं का? मंगळवारी खोटं होतं, शुक्रवारी खरं.

जाहिराती तरी कुठे खऱ्या असतात? फास्टएपीआय हे पायथनचं फ्रेमवर्क बनवणाऱ्या सेबास्टियन रामिरेझने २०२० साली ट्विटरवर लिहिलं होतं, की एका जाहिरातीत फास्टएपीआयचा चार वर्षांहून जास्त अनुभव मागितलाय आणि त्याला ते बनवूनच दीड वर्ष झालंय. ज्याने बनवलं तोच अपात्र. असल्या बाजारात दहा शब्दांचं सोवळं कोण पाळणार?

कंपाइलरकाका

@भरतीवाली, अठरा 'मस्ट हॅव'चा मुद्दा मान्य, चूक आमची. सोमवारी माझ्या टीमचं जेडी उघडून पाहिलं. त्यात अजून एसव्हीएन (कोडच्या आवृत्त्या सांभाळायचं जुनं टूल) आहे, आणि आम्ही गिटवर येऊन सात वर्षं झाली.

@नोटीस_नव्वद, तुम्ही शिकलात म्हणून गोष्ट मजेशीर झाली. जे शिकत नाहीत त्यांचं प्रॉडक्शन रात्री कोण उठून बघतं? मी बघतो. त्यामुळे हसू आलं तरी पटलं नाही.

डॅक_फेब्रुवारी

नमस्कार सर, ताई. मी लातूरचा. मेकॅनिकलमधून बीई, मग सी-डॅकचा सहा महिन्यांचा डॅक (अ‍ॅडव्हान्स्ड कम्प्युटिंगचा डिप्लोमा). मला एक सांगा, स्किल्स दहावर आणली तर माझ्या सीव्हीत उरतं काय? नाव, गाव, दहावीचे टक्के. अनुभवाचा रकानाच नाही.

आमच्या कोर्समध्ये सी++, जावा, डॉटनेट, डेटाबेस, वेब सगळं होतं. सिलॅबस एक, म्हणून बॅचमधल्या सगळ्यांची यादीही एकच. प्लेसमेंटमध्ये शेजारी बसलेल्याचा सीव्ही चुकून माझ्याकडे आला तर फोटो बघूनच कळलं.

आणि एक बाळबोध प्रश्न, एमएस-सीआयटी लिहायचं का? घरचे म्हणतात सर्टिफिकेट आहे तर लिही.

पुनरागमन

इथे दोन्ही बाजू मला अर्धवट वाटतात, कारण दोघंही फक्त 'येतं की नाही' एवढंच बोलताय. 'कधी' हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

मी २०१८ साली नोकरी सोडली. मुलगी, सासूबाईंचं आजारपण, मग कोविड. गेल्या वर्षी पुन्हा अर्ज सुरू केले. जुन्या सीव्हीत स्किल्स भरगच्च होती आणि सगळी खरी होती. पंधरा मिनिटं काय, मी स्ट्रट्सवर (जावाचं जुनं वेब फ्रेमवर्क) तासभर बोलेन. पण पहिल्याच मुलाखतीत विचारलं, "जावा लिहिलंय, कुठली?" माझ्या कामात होती ती आठ. ती २०१४ची. मधल्या काळात सतरा येऊन गेली, एकवीस आली. मुलाखत घेणारा मुलगा 'रेकॉर्ड' (जावातली नवी सोय) म्हणत होता आणि मी ऑडिओ कॅसेट समजावी तशी बघत होते.

नंतर मी यादी अशी केली: 'जावा ८, चार वर्षं कामात, २०१८पर्यंत. जावा १७, आठ महिने, स्वतःच्या प्रोजेक्टवर.' स्ट्रट्स आणि ईजेबी काढले नाहीत, 'जुन्या सिस्टिम' अशी वेगळी ओळ करून खाली ठेवले. एका विम्याच्या कंपनीने त्याच ओळीमुळे बोलावलं, त्यांच्याकडे अजून स्ट्रट्स चालू होतं आणि हात लावायला कोणी तयार नव्हतं. काकांच्या दहा शब्दांच्या नियमाने मी ते खोडलं असतं, कारण नव्या नोकरीत उपयोग नाही असंच मला वाटत होतं.

स्टुटगार्टकर

इकडे जर्मनीत भाषांचा रकाना सगळ्यात स्वच्छ असतो. जर्मन बी१, इंग्रजी सी१. ए१ ते सी२ अशी मोजपट्टी ठरलेली, त्यामुळे बी१ म्हणजे काय हे दोन्हीकडे माहीत असतं. जावाला अशी पट्टी नाही, म्हणून तारे निरर्थक, इथवर काकांशी सहमत.

पण पातळी लिहूच नये हे पटत नाही. आमच्याकडे क्लायंटला पाठवायच्या प्रोफाइलमध्ये तीन शब्द वापरतो: 'मदतीने करतो', 'एकटा करतो', 'इतरांना शिकवतो'. माझ्या काफ्कापुढे 'मदतीने' आहे. ताईंच्या शोधात मी येतो आणि काकांच्या प्रश्नाला तोंडही द्यावं लागत नाही.

भरतीवाली

@स्टुटगार्टकर, ऐकायला छान. पण 'मदतीने करतो' लिहिलेला सीव्ही मी पुढे पाठवला तर हायरिंग मॅनेजर मलाच विचारतो, हा कशाला पाठवलास? भारतात हे लिहिणारा एकटा आणि बाकी पन्नास जण 'एक्स्पर्ट'. पहिला प्रामाणिक माणूसच मार खातो.

@पुनरागमन, तुमची वर्षांची पद्धत मात्र मी चोरणार आहे. शब्द शोधात येतो आणि खोटंही काही नाही.

@डॅक_फेब्रुवारी, एमएस-सीआयटी सरकारी नोकरीच्या अर्जात लिही, तिथे मागतात. इथे नको. 'टीम प्लेअर', 'हार्ड वर्किंग' पण नको, ते कोणी शोधत नाही.

नोटीस_नव्वद

अवांतर: काल एक सीव्ही पाहिला, 'प्रॉम्प्ट इंजिनिअरिंग, पाच वर्षं'. चॅटजीपीटी आलं २०२२च्या नोव्हेंबरअखेरीस, आणि सीव्ही होता २०२४चा. रामिरेझला सांगा, जाहिरातवाल्यांचा सूड घेतला.

कंपाइलरकाका

स्टुटगार्टकरांचे तीन शब्द माझ्यापुढे आले तर मी त्या माणसाला आधी बोलावेन. ताई म्हणतात तसा मार बसत असेल, तर मारणारे आमच्यातलेच आहेत हेही खरं. पण म्हणून ५४ शब्दांचं समर्थन होत नाही. ताईंचा शोध पार करायला किती शब्द लागतात? आठ? दहा? उरलेले चव्वेचाळीस कोणासाठी?

भरतीवाली

उरलेले दुसऱ्या चार जेडींसाठी! माणूस काय तुमच्या एकट्याच्या कंपनीत अर्ज करतो का?

बरं, प्रत्येक अर्जाला वेगळा सीव्ही करावा हे मलाही माहीत आहे. अर्ज करताना ते जमतं. पोर्टलवर पडून असलेला सीव्ही मात्र एकच असतो, आणि माझ्यासारख्या तिथेच शोधतात. तिथे यादी लांब ठेवा, थेट अर्जाला छोटी करा. यापेक्षा मी खाली येणार नाही.

कंपाइलरकाका

आणि पोर्टलवरचा तो लांब सीव्ही तुम्ही मला तसाच फॉरवर्ड करता. शेवटी माझ्या टेबलावर ५४च येतात.

डॅक_फेब्रुवारी

सर, ताई, रात्री बसून बदललं. सी++ आणि डॉटनेट काढलं, परीक्षेनंतर हात लावलेला नाही. आता असं आहे: 'जावा १७, स्प्रिंग बूट, मायएसक्यूएल, रिॲक्ट (प्रोजेक्टपुरतं), गिट, लिनक्स'. सहाच झाले. भीती वाटते आहे.

कंपाइलरकाका

स्प्रिंग बूट लिहिलंयस. एका सर्व्हिस क्लासमध्ये दोन मेथड आहेत. दुसरीवर ट्रान्झॅक्शनल लावलंय, पहिलीवर नाही. पहिली आतल्या आत दुसरीला कॉल करते. मध्येच एक्सेप्शन आला तर रोलबॅक होईल, म्हणजे डेटाबेसमधलं झालेलं मागे फिरेल?

डॅक_फेब्रुवारी

नाही होत सर. त्याच क्लासमधून कॉल केला तर तो स्प्रिंगच्या प्रॉक्सीतून (ट्रान्झॅक्शन सुरू करणारा मधला ऑब्जेक्ट) जात नाही, त्यामुळे ट्रान्झॅक्शन सुरूच होत नाही. आमच्या प्रोजेक्टमध्ये बस तिकिटाचं बुकिंग होतं. पैसे कापले जायचे, सीट मिळायची नाही. डेमोच्या आदल्या रात्री अडीच वाजता सापडलं. दुसरी मेथड वेगळ्या क्लासमध्ये हलवली.

कंपाइलरकाका

हे सीव्हीत कुठे आहे?

डॅक_फेब्रुवारी

नाही लिहिलं सर. स्किलमध्ये बसत नव्हतं.

कंपाइलरकाका

प्रोजेक्टखाली दोन ओळींत लिही. त्या दोन ओळींवर मी तुला बोलावेन.

भरतीवाली

लिही. पण वरचं 'स्प्रिंग बूट' काढू नकोस रे बाबा, शोधात 'रात्री अडीच' येत नाही. आणि सहाचे नऊ कर. रेस्ट एपीआय, जेयुनिट, मेव्हन. तिन्ही वापरलेच असतील ना?

डॅक_फेब्रुवारी

मेव्हन आणि रेस्ट हो. जेयुनिट एकदाच, ताई.

स्टुटगार्टकर

'मदतीने' लिही.