डिमिनिश्ड स्केल रगडणं थांबवा, त्यातले ट्रायड वाजवा

काळी_तीन | रविवार, रात्री ११.४२

शनिवारी दक्षिण मुंबईतल्या एका हॉटेलच्या लॉबीत आमचा तिघांचा कार्यक्रम होता. पहिला सेट संपल्यावर मागच्या गल्लीत कटिंग पिताना बेसवाला म्हणाला, "जी सेव्हन आला रे आला की तू लिफ्टमनसारखा वर-खाली का करतोस?" झोंबलं, कारण खरं होतं.

सात-आठ वर्षं मी हेच करतोय. जी सेव्हन (सी मेजर या घरच्या कॉर्डकडे ओढणारा, म्हणजे डॉमिनंट कॉर्ड) दिसला की हाफ-होल डिमिनिश्ड स्केल: जी, ए फ्लॅट, बी फ्लॅट, बी, डी फ्लॅट, डी, ई, एफ. अर्धा सूर, पूर्ण सूर, अर्धा, पूर्ण असं करत वर जायचं आणि त्याच वाटेने खाली यायचं. पेटीवरून आलेल्यांसाठी: पांढरी पाचचा सा धरला तर सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध ग, तीव्र म, प, शुद्ध ध, कोमल नी. बोटांना हे इतकं सोयीचं पडतं की डोकं बाजूला ठेवून वाजवता येतं. तोच त्याचा दोष.

परतताना लोकलमध्ये मांडीवर बोटं वाजवत बसलो. या आठ सुरांत चार मेजर ट्रायड (तीन सुरांचे साधे कॉर्ड) आहेत: जी, बी फ्लॅट, डी फ्लॅट, ई. प्रत्येक आधीच्यापासून तीन पट्ट्या पुढे. पुस्तकात हे मीही वाचलं होतं, पण बोटांत कधी आणलं नव्हतं. जी ट्रायड तर कॉर्डच आहे. (पुढचे आकडे जीपासून मोजलेले; शार्प म्हणजे अर्धा सूर वर, फ्लॅट म्हणजे अर्धा खाली.) बी फ्लॅट ट्रायड शार्प नाइन, पाचवा आणि फ्लॅट सातवा देतो. डी फ्लॅटमधून शार्प इलेव्हन, फ्लॅट सातवा आणि फ्लॅट नाइन मिळतात. ई ट्रायडमध्ये तेरावा, फ्लॅट नाइन आणि तिसरा. म्हणजे आठच्या आठ सूर वापरले जातात, पण कानाला मेजर ट्रायड ऐकू येतो, ओळखीचा. स्केल हा चाळीचा जिना आहे. जिन्यात कोणी राहत नाही, लोक खोल्यांत राहतात.

शिवाय पाठांतर कमी. अशी स्केल्स मुळात तीनच, त्यामुळे बारा डॉमिनंट कॉर्ड तीन घरांत बसतात. बी फ्लॅटमधल्या रिदम चेंजेसचा (जॅझमधली एक ठरलेली कॉर्डमालिका) ब्रिज, म्हणजे मधला भाग, घ्या: डी सेव्हन, जी सेव्हन, सी सेव्हन, एफ सेव्हन, प्रत्येकी दोन बार. पहिल्या आणि शेवटच्या कॉर्डचे चारही ट्रायड तेच!

तेव्हा माझं मत: डॉमिनंटवर डिमिनिश्ड वाजवायचंच असेल तर चार ट्रायड घ्या, कुठल्याही क्रमाने फिरवा, स्केलचं नाव काढू नका. आता बोला.

पेडलवर_पाय | सोमवार, सकाळी ८.१०

साफ असहमत. तुमची लिफ्ट गेली आणि सरकता जिना आला, एवढंच झालं. तीन-तीन पट्ट्या सरकवत तोच आकार चार वेळा वाजवणं हीसुद्धा कवायतच. चौथ्या ट्रायडपर्यंत ऐकणाऱ्याला पाचवा कुठे पडणार ते कळलेलं असतं.

बीबॉपवाल्यांनी (जॅझची एक जुनी वेगवान शैली) कॉर्डच्या तिसऱ्यावरून डिमिनिश्ड सेव्हन्थ काढला: बी, डी, एफ, ए फ्लॅट. एक फ्लॅट नाइन, चार सूर, आणि ओळ पुढे घरी. आज शिकाऊ मुलाला आधी आठ सुरांचा तक्ता मिळतो, मग ट्रायडचा, मग ट्रायडच्या जोड्यांचा, आणि त्याच्या सोलोत एक वाक्य धड पूर्ण होत नाही.

जॅझ पियानिस्ट बॅरी हॅरिस (१९२९–२०२१) आयुष्यभर "डिमिनिश्ड" शिकवत राहिले, पण त्यांचं प्रकरण वेगळं. सी सिक्स्थचे चार सूर आणि बी डिमिनिश्डचे चार सूर एकाआड एक: सी, डी, ई, एफ, जी, ए फ्लॅट, ए, बी. तिथे एक सूर घरचा, पुढचा बाहेरचा, पुन्हा घरचा. सतत ये-जा. तुमच्या चार ट्रायडमध्ये घर कुठलं?

ताडदेवचा_डबलबेस | सोमवार, सकाळी ९.३५

तो बेसवाला मीच. कटिंगचे पैसेही मीच दिले होते, ते लिहायचं राहिलं वाटतं.

"कुठल्याही क्रमाने" हे मला पटत नाही. खाली मी जी धरून उभा असतो. पहिल्याच ठोक्यावर तू डी फ्लॅट ट्रायड आपटलास तर ड्रमवाला माझ्याकडे बघतो, मी चुकलो असं समजून. तोच ट्रायड दुसऱ्या बारच्या शेवटी आला की छान वाटतो. सूर तेच आहेत रे, वेळ वेगळी.

ग्रँटरोड_स्लो | सोमवार, दुपारी १.२०

बेसवाल्यांशी सहमत. कागदावर चार ट्रायड सारखे, कानाला नाहीत. पियानोपाशी बसलात तर दोन मिनिटांचं काम आहे.

उजव्या हाताने ई ट्रायड असा धरा: अंगठा जी शार्पवर, मधलं बोट बीवर, करंगळी ईवर. आता सी मेजरला जा. अंगठा अर्धा सूर खाली, जीवर. मधलं बोट अर्धा सूर वर, सीवर. करंगळी जागची हलत नाही. हात उचलावाही लागला नाही आणि तुम्ही घरी.

डी फ्लॅट ट्रायड? तिन्ही सूर अर्धा-अर्धा सूर खाली घसरतात, थेट सी मेजर. ओढ जबरदस्त, पण ट्रायटोन सबस्टिट्यूशनचा (डॉमिनंटऐवजी तीन पूर्ण सूर दूरचा डॉमिनंट वाजवायचा) हाच ठसा सगळ्यांनी इतका वापरलाय की गुळगुळीत झालाय. बी फ्लॅट ट्रायडला मात्र घरची ओढच कमी. पूर्ण सूर वर सरकून सीला जाता येतं, पण ते ब्लूजकडे झुकतं. मला आवडतं, फक्त फ्रेजच्या सुरुवातीला. जी ट्रायड म्हणजे दारातली चप्पल, कुठेही काढून ठेवा.

माझा क्रम बहुतेक वेळा बी फ्लॅट, मग ई, मग घर. या जोडीत गंमत आहे. दोन्ही मिळून सहा सूर होतात आणि त्यांत जीही नाही, डी फ्लॅटही नाही. मूळ सूर बेसकडे सोडलेला, कॉर्डचा तिसरा ई ट्रायडमध्ये, सातवा बी फ्लॅटमध्ये. जी आणि डी फ्लॅटची जोडी घेतलीत तर तो स्ट्राविन्स्कीच्या १९११ च्या 'पेत्रुश्का' बॅलेतला प्रसिद्ध कॉर्ड, फक्त दुसऱ्या पट्टीत. तिथे सी मेजर आणि एफ शार्प मेजर एकमेकांवर आदळतात. ते भांडण हवं असेल तर घ्या, लॉबीत चहा पिणाऱ्यांना बहुधा नको असतं.

एक प्रश्न मूळ लेखकांना: डाव्या हाताला काय वाजवता?

काळी_तीन | सोमवार, दुपारी ३.०५

नेहमीचंच. एफ, ए, बी, ई. मूळ सूर सोडून.

ग्रँटरोड_स्लो | सोमवार, दुपारी ३.१२

तिथेच माशी शिंकली. त्या व्हॉइसिंगमधला (कॉर्डच्या सुरांच्या मांडणीतला) ए म्हणजे साधा नववा. उजवा हात ए फ्लॅट आणि बी फ्लॅट वाजवतोय आणि डावा मधोमध ए दाबून बसलाय. हा ए तुमच्या आठ सुरांत नाहीच. लिफ्ट काय, ट्रायड काय, काहीही वाजवलंत तरी गढूळच येणार. ए अर्धा सूर खाली आणा: एफ, ए फ्लॅट, बी, ई. झाला जी थर्टीन फ्लॅट नाइन. आता हा अख्खा आकारही तीन-तीन पट्ट्यांनी सरकवता येतो. किंवा डाव्या हाताला नुसते एफ आणि बी ठेवा, बाकी उजव्यावर सोडा.

मूर्च्छना | सोमवार, संध्याकाळी ६.४८

मी गाणारी, जॅझ फक्त ऐकते. वरचं सारेगममधलं वाचून तंबोऱ्यावर गाऊन पाहिलं. दोन्ही गंधार एकमेकांना खेटून! जोग रागात दोन्ही आहेत, पण शुद्ध चढताना, आणि उतरताना "ग म" घेऊन मगच कोमल ग. मध्ये मध्यमाची भिंत आहे. इथे शुद्ध मध्यमच गायब.

दुसरं, या स्केलच्या मूर्च्छना काढून पाहिल्या, म्हणजे षड्ज एकेका सुरावर सरकवून. एरवी सात सुरांच्या थाटाच्या सात निघतात. इथे आठ सूर असून दोनच, पुढे तेच ते. म्हणजे षड्ज कुठला हे सूर स्वतः सांगतच नाहीत. ट्रायड वाजवा नाहीतर स्केल, मुळात बिनघरचं प्रकरण आहे. पेडलवर_पाय यांचा मुद्दा मला त्याहून खोलवरचा वाटतो.

काळी_तीन | सोमवार, रात्री १०.३०

@मूर्च्छना, मूर्च्छना दोनच हे अगदी बरोबर. फ्रेंच संगीतकार मेसियाँने मर्यादित स्थानांतराचे मोड (थोडं सरकवलं की तेच सूर परत येतात अशी स्केल्स) मांडले त्यात हा दुसरा, तो याच कारणाने. पण जॅझमध्ये षड्ज सांभाळायचं काम या सुरांचं नाहीच. ते बेस करतो आणि पुढचा सी मेजर करतो. मला दोन बार बिनघरचं राहायचंय, म्हणून तर हे सूर घेतो. दोन बारांसाठी कोणी रेशनकार्ड काढत नाही.

ग्रँटरोड, डाव्या हाताचं आत्ताच करून पाहिलं. लाज वाटली. सात-आठ वर्षं!

"कुठल्याही क्रमाने" मागे घेतो. ट्रायडचा मुद्दा नाही.

गिरगावातला_व्हायोलिनवाला | सोमवार, रात्री ११.१५

अवांतर. माझे वडील सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवायचे. त्यांच्या शेजारच्या खुर्च्यांवर गोव्याची मंडळी. दिवसा स्टुडिओ, रात्री हॉटेलात जॅझ. डिमिनिश्ड म्हटलं की वडील हसायचे: "खलनायक जिना चढतोय." पार्श्वसंगीतात त्याची तीच नोकरी. ट्रेमोलो (थरथरता गज) आणि डिमिनिश्ड सेव्हन्थ, अर्ध्या-अर्ध्या सुराने वर.

मुंबईला हे सूर नवे नाहीत. १९३० च्या दशकात ताजच्या बॉलरूममध्ये टेडी वेदरफर्ड पियानो वाजवत होता. १९७८ साली जॅझ यात्रा हा महोत्सव पहिल्यांदा झाला. धोबीतलावच्या रंगभवनात उघड्यावर बसून पुढच्या यात्रा ऐकल्यात मी. तिथे एका पियानिस्टने (नाव विसरलो, म्हणून लिहीत नाही) दोन हातांत दोन वेगळे ट्रायड धरले तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "दोन गाणी चालू आहेत वाटतं." मला मात्र ते आजही आठवतं. स्केल वाजवणाऱ्यांपैकी एकही आठवत नाही. तेव्हा माझं मत काळी_तीन यांच्या पारड्यात.

कर्जत_सेमीफास्ट | मंगळवार, सकाळी ७.५०

कोणीच मायनरचं बोललं नाही. जी सेव्हन सी मेजरला जाताना हे सगळं ठीक. सी मायनरला जाताना ई ट्रायड वाजवलात तर पुढे येणाऱ्या ई फ्लॅटच्या आधी ई नॅचरल ऐकवून ठेवलात. कधी चमक येते, बहुतेकदा चूक वाटते. तिथे ऑल्टर्ड स्केल बरं: जी, ए फ्लॅट, बी फ्लॅट, बी, डी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ. त्यात मेजर ट्रायड दोनच, डी फ्लॅट आणि ई फ्लॅट. शेजारी-शेजारी, पूर्ण सुराच्या अंतरावर. मूळ धाग्यात "डॉमिनंट" सरसकट लिहिलंय, ते नवशिक्यांसाठी धोक्याचं आहे. मी स्वतः एका ऑडिशनला याच चुकीत पडलोय, मायनर ट्यूनमध्ये चारही ट्रायड मनसोक्त फिरवले. परीक्षक सभ्य होते, फक्त "थँक यू" म्हणाले.

पेडलवर_पाय | मंगळवार, सकाळी ११.००

म्हणजे आता हिशोब असा: चारपैकी एक साधा, एक गुळगुळीत, एक फक्त सुरुवातीला, उरला एक. मायनरला तोही नाही. आणि वेगाच्या ट्यूनमध्ये कॉर्डला दोनच ठोके मिळाले तर एका ट्रायडपुरतीच जागा. मग "चार ट्रायड" या मथळ्याचा आग्रह कशाला? सरळ म्हणा, सीला जाताना ई ट्रायड चांगला लागतो. हे मी मान्य करेन. ई ट्रायडचे बी आणि ए फ्लॅट माझ्या त्या डिमिनिश्ड सेव्हन्थमध्ये आहेतच, तुम्ही वर फक्त ई ठेवलात. फिरून भोपळे चौकात.

ग्रँटरोड_स्लो | मंगळवार, दुपारी १२.२५

"फक्त ई ठेवलात" हे कसं? त्या एका ईमुळे फ्लॅट नाइनची रडकी छटा जाते आणि मेजरची चमक येते. डाव्या हाताला एफ-बी धरा, उजव्याला आधी बी-डी-ए फ्लॅट वाजवा आणि मग बी-ई-ए फ्लॅट. एकच बोट बदललंय. हे दोन्ही तुम्हाला सारखं ऐकू येत असेल तर मग आपला वाद ट्रायडचा नाही.

पेडलवर_पाय | मंगळवार, दुपारी १२.४०

सारखं ऐकू येत नाही. गोड लागतं, तीच माझी तक्रार आहे. रडकं हवं असतं मला तिथे.

काळी_तीन | मंगळवार, रात्री ९.५५

काल आणि आज फक्त बी फ्लॅट, ई, घर एवढंच घोळवलं, मेट्रोनोम साठवर, डाव्या हाताला नुसते एफ-बी. शेजारच्या काकूंनी भिंतीवर एकदाच ठोकलं, एरवी तीनदा ठोकतात. मायनरची दुरुस्ती मान्य, धाग्यात बदल करतो.

पण पेडलवर_पाय, तुमचं बाकीचं अमान्य. चारही शिकल्याशिवाय कुठला टाकायचा ते मला कसं कळलं असतं?

ताडदेवचा_डबलबेस | मंगळवार, रात्री १०.२०

शनिवारी साडेसात, साउंडचेक सातला. पहिल्या ठोक्यावर डी फ्लॅट आला तर मी बेस ठेवून खाली चहाला जाणार. पैसे तू देणार.