हिलोला बिऱ्हाड हलवायचंय: सामान कमी खर्चात कसं न्यावं?

प्रेषक: म. जो., फ्रीमाँट

नमस्कार मंडळी,

जुलैच्या शेवटी आम्ही हवाईला, बिग आयलंडवरच्या हिलो गावी राहायला जातोय. यांना तिथल्या विद्यापीठात नोकरी लागली. दोन बेडरूमचं घर आणि अकरा वर्षांचा संसार आहे. तीन मूव्हर्सना बोलावून अंदाज घेतले. सगळ्यात कमी आकडासुद्धा आमचा सोफा, पलंग आणि कपाटं यांच्या एकूण किमतीहून मोठा निघाला. विद्यापीठ एक ठरावीक रक्कम देणार, वरचा भार आमच्यावर.

घरात काय आहे ते सांगते. आजोबांचा सागवानी देव्हारा, पितळेची भांडी आणि समई, चारेकशे पुस्तकं (निम्मी मराठी) आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे, सासूबाईंची पेटी (हार्मोनियम), मुलीची सायकल, सोफा, दोन मोठ्या गाद्या, आयकियाची कपाटं, जेवणाचं टेबल आणि २०१२ सालची गाडी. गॅलरीत तुळस आणि कढीपत्ता आहेत, तेही न्यायचेत.

बेटावर कोणी सामान नेलंय का? अख्खा कंटेनर घ्यावा का? आणि तिथे उतरताना कस्टम्सची ड्युटी भरावी लागते का?

म. जो.

*

प्रेषक: रा. दे., ओकलंड

ताई, ड्युटी नाही. हवाई हे अमेरिकेचंच राज्य, त्यामुळे इथून जाणारं सामान देशातल्या देशात गेलं असंच धरतात. तपासणी असते ती शेतीखात्याची: माती, रोपं आणि किडे यांची. ती मात्र कडक असते.

भाडं इतकं का, ते सांगतो. मी मालवाहतुकीतच नोकरी करतो. १९२० साली झालेला जोन्स कायदा अजून लागू आहे. अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर जहाज अमेरिकेत बांधलेलं, अमेरिकी मालकीचं आणि मुख्यतः अमेरिकी खलाशांचं असावं लागतं. अशी जहाजं थोडी आहेत. इथून हवाईला कंटेनर नेण्याचं काम मुख्यतः मॅटसन आणि पाशा या दोन कंपन्यांकडे आहे. आशियातून ओकलंडला येणाऱ्या मालासाठी जशी कंपन्यांची चढाओढ असते, तशी या मार्गावर नाही.

शिवाय हिलोचं सामान बहुधा आधी होनोलुलूला उतरतं आणि तिथून बार्जवर, म्हणजे सपाट मालबोटीवर, चढून हिलोला जातं. एक चढउतार जास्त, त्याचं बिलही जास्त. स्वस्त दिसणारे पुष्कळ आकडे होनोलुलूपर्यंतचेच असतात. अंदाज हिलो बंदरापर्यंतचा आहे की घराच्या दारापर्यंतचा, हे लेखी घ्या.

कंटेनरबद्दल. वीस फुटी कंटेनरमध्ये आत साधारण १,१७० घनफूट जागा असते. तुमच्या यादीतून सोफा, गाद्या आणि कपाटं वगळली तर तो निम्मासुद्धा भरणार नाही. मग अख्ख्याचं भाडं कशाला द्यायचं? दुसऱ्यांच्या सामानाबरोबर एकाच कंटेनरमध्ये जागा घेता येते, किंवा मोठा लाकडी पेटारा घेता येतो. त्याला इथे लिफ्ट व्हॅन म्हणतात, एकात सुमारे २०० घनफूट मावतं. फक्त वाटून घेतलेला कंटेनर भरेपर्यंत थांबतो. सामान अमुक तारखेलाच हवं असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका.

रा. दे.

*

प्रेषक: शु. का., हिलो

अगं, मी नऊ वर्षांपूर्वी सनीवेलहून इथे आले. तू विचारलंस त्यापेक्षा जरा जास्तच लिहितेय, कारण आम्ही नको त्या वस्तूंवर पैसे घातले आणि ते अजून सलतं.

आम्ही घरातलं सगळं आणलं. फोनवर आकडा सांगणाऱ्या एका दलालाला आगाऊ रक्कम दिली. सामान न्यायला आलेला ट्रक तिसऱ्याच कंपनीचा होता. होनोलुलूला पोचल्यावर सामान पुन्हा मोजलं, जागा जास्त भरली म्हणून वाढीव बिल आलं, आणि ते भरेपर्यंत सामान तिथेच अडकून राहिलं. सात आठवडे आम्ही जमिनीवर झोपलो, धाकटा तेव्हा दीड वर्षाचा होता. म्हणून सांगते: प्रत्येक खोली डोळ्यांनी किंवा व्हिडिओवर पाहिल्याशिवाय दिलेला आकडा धरू नकोस. किती घनफूट धरलेत आणि त्याहून जास्त भरलं तर दर काय, हे कागदावर घे. ट्रक त्यांचा स्वतःचा की दुसऱ्याचा, हेही विचार.

आता सामानाचं. हिलोत वर्षाला सव्वाशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या रत्नागिरीसारखाच म्हण, फक्त चार महिन्यांत उरकत नाही, बाराही महिने थोडा थोडा येतो. आमची भुशाच्या फळ्यांची कपाटं पहिल्याच वर्षी फुगली, दारं लागेनात. गादीला खालून बुरशी आली. चामड्याच्या चपला कपाटात हिरव्या पडल्या. ज्या वस्तू आणायला आम्ही सगळ्यात जास्त भाडं दिलं, त्याच आधी गेल्या. वाळवीही आहे, आणि इथली फॉर्मोसन वाळवी फार खादाड. तुझ्या सागवानी देव्हाऱ्याला तिची फारशी भीती नाही, तो जरूर आण. भिंतीपासून चार बोटं पुढे आणि जमिनीपासून उंच ठेव. आयकियाची कपाटं तिथेच दे. इथे आयकियाचं दुकान नाही म्हणून ती आणाविशी वाटतात, मलाही वाटलं होतं. पण नको.

गाद्या आणि साधं फर्निचर हिलोत मिळतं. टार्गेट, वॉलमार्ट, होम डेपो गावातच आहेत. कॉस्टको मात्र कोनाला, सॅडल रोडने दीड-पावणेदोन तास. उन्हाळ्यात बेट सोडून जाणारी माणसं सोफे, टेबलं विकायला काढतात. तू येशील तोच हंगाम आहे, मी नजर ठेवते.

आणि हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं: बोट जागा मोजते, टपाल वजन मोजतं, आणि टपालाचा एक खोका असा आहे की तो वजनही मोजत नाही. घरातली प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचार, ही जड आहे की नुसतीच मोठी? पुस्तकं जड आणि लहान. ती मीडिया मेलने, म्हणजे टपालखात्याच्या पुस्तकांसाठीच्या स्वस्त दराने, पाठव. हवाईलाही देशांतर्गत दरच लागतो. खोका सत्तर पौंडांपर्यंत चालतो, पण तू तीस-पस्तीसच्या वर भरू नकोस. जड खोका कोपऱ्यावर आपटला की पुस्तकांच्या शिवणी उसवतात. आत आधी प्लास्टिकची जाड पिशवी, मग पुस्तकं. कित्येक आठवडे लागतात, म्हणून मे महिन्यातच सुरुवात कर. दिवाळी अंक त्यात घालू नकोस, जाहिराती असलेली मासिकं मीडिया मेलला चालत नाहीत. खोका उघडून बघण्याचा अधिकार टपालखात्याला असतो.

समई, खलबत्ता, लोखंडी तवा, पितळी पातेली यांना फ्लॅट रेटचा मोठा खोका घे. बारा इंच लांब, बारा रुंद, साडेपाच उंच. सत्तर पौंडांपर्यंत काहीही भर, दर तोच, मग तो शेजारच्या गावी जावो की हिलोला. समईचे आटे फिरवून तिचे भाग सुटे कर, म्हणजे बसेल. पातेल्यात पातेलं घालून मधल्या जागेत कांजीवरम कोंब. मी माझ्या साड्यांनीच भांडी बांधली होती, एकाही भांड्याला पोचा आला नाही.

घराचा पत्ता मिळाला नसेल तर खोक्यावर तुझं नाव, खाली जनरल डिलिव्हरी आणि हिलो ९६७२० असं लिही. पोस्टात ओळखपत्र दाखवून घेता येतं. पण तिथे फार दिवस ठेवत नाहीत, तीस दिवसांच्या पलीकडे तर नाहीच. त्यापेक्षा माझा पत्ता घे, वेगळी मेल करते. आमचं गॅरेज मोकळं आहे.

शु. का.

*

प्रेषक: म. जो., फ्रीमाँट

काकू, तुमची मेल यांना मोठ्याने वाचून दाखवली. रात्री दोघं फूटपट्टी घेऊन बसलो. सोफा, गाद्या आणि कपाटं मिळूनच अर्ध्याहून जास्त घनफूट होतात!

तीन गोष्टी राहिल्या: गाडी, विमा आणि तुळस. पेटीचं काय करावं हेही सांगा.

म. जो.

*

प्रेषक: रा. दे., ओकलंड

गाडी: बेटावर वापरलेल्या गाड्या महाग पडतात. इंजिन चांगलं असेल तर २०१२ ची गाडीसुद्धा नेण्यासारखी आहे, पण आधी तिची आजची किंमत आणि हिलोपर्यंतचं भाडं शेजारी शेजारी मांडा. टाकीत पाव टाकीपेक्षा जास्त पेट्रोल नको. गाडीत खोके भरून पाठवता येतील असं वाटतं, पण जहाज कंपन्या घरगुती सामान आत ठेवू देत नाहीत. खालून नीट धुऊन घ्या, माती दिसली तर गाडी परत पाठवतात. कर्ज चालू असेल तर बँकेचं पत्र लागतं. तिथे पोचल्यावर तीस दिवसांत बाहेरच्या राज्याची गाडी चालवण्याचा परवाना घ्यायचा किंवा गाडीची नोंदणी करायची. हवाईत नोंदणीचा खर्च गाडीच्या वजनावरही ठरतो.

विमा: 'भरपाई समाविष्ट' असं लिहिलेलं दिसलं की दर विचारा. बहुधा पौंडाला साठ सेंट असतो. चार पौंडांची समई हरवली तर हातात दोन डॉलर चाळीस सेंट येतात. देव्हारा आणि पेटी यांचा वेगळा विमा काढा. एक अट लक्षात ठेवा: मालकाने स्वतः भरलेल्या खोक्यात आत काही फुटलं तर विमा कंपन्या सहसा भरपाई देत नाहीत. म्हणून देव्हारा त्यांच्याच माणसांकडून बांधून घ्या, बाकीचं स्वतः भरा. बांधण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा.

रा. दे.

*

प्रेषक: व. कु., सॅन होजे

मध्येच एक मुद्दा घालतो, मी करांचं काम करतो. घर हलवण्याच्या खर्चाची फेडरल करातली वजावट २०१८ पासून बहुतेक सगळ्यांसाठी बंद आहे, सैन्यातल्यांना मिळते. त्यामुळे विद्यापीठ जे देईल ते पगारासारखंच उत्पन्न धरलं जाईल आणि कर कापून हातात येईल. कर कापल्यावर किती मिळणार ते त्यांना विचारा, आणि त्या आकड्यावर हिशेब बसवा. कर तेच भरतील का, हेही विचारून बघा. काही ठिकाणी भरतात.

*

प्रेषक: शु. का., हिलो

तुळस कुंडीसकट आणता येणार नाही. माती अजिबात चालत नाही. कढीपत्ता तर लिंबाच्या कुळातला, त्या झाडांच्या रोगामुळे कॅलिफोर्नियातच त्याच्या रोपांवर निर्बंध आहेत. दोन्ही एखाद्या मैत्रिणीकडे दे. हवाईला येताना शेतीखात्याची विचारणा होते, तिथे जे असेल ते खरं सांग. माझ्या दारात तुळशीचं वृंदावन आहे, मंजिऱ्या पडून खाली कायम दहा-बारा रोपं उगवलेली असतात. तू यायच्या आधी एक कुंडीत लावून ठेवते. कढीपत्ता इथे चांगला वाढतो, शेजाऱ्यांकडे झाडच आहे.

पेटी बोटीने पाठवू नकोस. कंटेनरमध्ये उष्णता आणि दमटपणा दोन्ही असतात. भात्याचे सांधे सुटतात, सूरपट्ट्या गंजतात. पेटी लहान असेल तर विमानाच्या वरच्या कप्प्यात बसते का ते मोजून बघ. नसेल तर कडक पेटाऱ्यात घालून जादा बॅग म्हणून ने, २३ किलोंच्या आत. इथे आल्यावर तिच्या डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या ठेव आणि रोज थोडी वाजव. बंद राहिली की लवकर बिघडते. आमच्याकडे गणपतीला आठ-दहा घरं जमतात, आरतीला पेटी नाही.

*

प्रेषक: म. जो., फ्रीमाँट

सगळ्यांचे मनापासून आभार. आमचं असं ठरलंय. देव्हारा, टेबल, सायकल, दिवाळी अंक आणि बारा खोके एका लाकडी पेटाऱ्यात बसतात. तीन अंदाज पुन्हा मागवलेत, हिलोच्या दारापर्यंतचे, घनफूट लिहून. पुस्तकं पंधरा मेपासून दर शनिवारी टपालात टाकणार. भांडी सहा फ्लॅट रेट खोक्यांत बसली, समई सुटी करून. गाडी नेणार. पेटी मोजली, वरच्या कप्प्यात दोन इंचांनी बसत नाही, तिच्यासाठी कडक पेटारा शोधतेय. काकू, आरतीला ती नक्की येईल.

आता मंडळींसाठी: राखाडी सोफा, दोन क्वीन गाद्या आणि तीन कपाटं द्यायची आहेत. पैसे नकोत, उचलून न्यावं लागेल. दहा जुलैनंतर कुठल्याही संध्याकाळी या. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना आधी देऊ, ओळखीत कोणी असेल तर कळवा. आणि तुळस कोणाकडे ठेवू? सहा वर्षांची आहे, रोज पाणी लागतं.

म. जो.

*

प्रेषक: स. भि., युनियन सिटी

तुळस मी नेते. रविवारी सकाळी येऊ का?